दवाखान्याची चावी

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आरोग्य उपकेंद्राची इमारत मंजूर झाली आहे, पण ते अजून ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत भरतं. यंदा उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत ठरलं की बांधकामावर गावातल्या माजी सैनिकांनी लक्ष ठेवायचं आणि जमेल तिथं हातही लावायचा. मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. खडकीला भरती झाल्यापासून रस्ते, पूल, बराकी, हेलिपॅड, हेच करत आलो. त्यामुळं सभेतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सरपंच म्हणाले, "सुभेदार, तुम्ही तिकडं आफ्रिकेत दवाखाना बांधून दिला. आपला काय, चुटकीसरशी हुईल."

तो चुटकीसरशी झाला नव्हता. आणि बांधून झाल्यावर तीन आठवडे बंद राहिला. त्या तीन आठवड्यांबद्दल मी गावात कधी बोललो नव्हतो. माझा पुतण्या बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. तो म्हणाला, "काका, तोंडी सांगू नका. सगळं प्रकरण लिहून काढा, चुका सोडू नका. आमच्या कागदांत असलं काही लिहायला जागाच नसते." म्हणून हे लिहितोय. तिथलं गाव, माणसं आणि आमची तुकडी यांची नावं घातलेली नाहीत. त्या मुलुखात कोण कुणाबरोबर काम करत होता, एवढ्यावरूनही माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या आदल्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं तिथं शांतिसेनेची नवी मोहीम मंजूर केली. भारताच्या पायदळाच्या पलटणी गेल्या, त्यांच्यासोबत डॉक्टर गेले आणि आम्ही इंजिनिअरही गेलो. शांतिसेनेत आमच्या कामाचे दोन भाग मानतात. रस्ते, धावपट्ट्या, चर, भराव हे आडवं काम आणि इमारती हे उभं काम. आमची कंपनी आडव्या कामाची होती. डोझर, ग्रेडर, रोलर, टिप्पर असा आमचा सरंजाम. दवाखाना आमच्या मूळ हुकमात नव्हता.

पण शांतिसेनेकडं लोकांच्या उपयोगाच्या छोट्या, झटपट कामांसाठी वेगळा निधी असतो. एका कामाला साधारण ५० हजार डॉलरपर्यंत पैसे मिळतात आणि काम काही महिन्यांत उरकायचं असतं. पैसा स्थानिक संस्थेच्या हाती जातो, तिनं माल आणायचा, मजूर लावायचे. आम्ही यंत्रं द्यायची, पाया करून द्यायचा आणि कामावर डोळा ठेवायचा. आरोग्य खात्यानं कर्मचारी द्यायचे, गावानं जमीन द्यायची. कागदावर ही वाटणी सुरेख दिसते.

गरज किती होती, ते एका आकड्यावरून कळेल. २००६ सालच्या पाहणीत त्या भागात एक लाख जिवंत जन्मांमागं २०५४ माता दगावत होत्या. आपल्याकडं सपाट भागात ५ हजार आणि डोंगरी भागात ३ हजार लोकांमागं एक उपकेंद्र असावं, असा दंडक आहे. तिथं सगळ्यांत खालच्या दवाखान्यामागं १५ हजार माणसं धरलेली होती, आणि तेवढेही दवाखाने उभे नव्हते. जिथं होते तिथं बहुतेक ठिकाणी बाहेरच्या वैद्यकीय संस्था ते चालवत.

काळी

जागा पाहायला गेलो तो जानेवारी होता. गाडीतून उतरलो आणि पायाखाली बघतच राहिलो. आमच्या नदीकाठच्या शाळवाच्या रानात एप्रिल-मेमध्ये पडतात तसल्या भेगा. हातातली काठी घातली तर कोपरापर्यंत आत गेली. ही काळी मला नवी नव्हती. आमच्या वडिलांनी वस्तीवरची खोली याच मातीवर बांधली होती. दर पावसाळ्यात जमीन फुगायची, उन्हाळ्यात आकसायची आणि भिंतीला तिरकी भेग जायची. ते दरवर्षी ती भेग लिंपायचे आणि दरवर्षी ती परत उमलायची. जमीन श्वास घेते, असं ते म्हणायचे.

नाईल नदीच्या त्या सखल पट्ट्यात मैलोन्‌मैल हीच माती आहे. नोव्हेंबर ते एप्रिल ती दगडासारखी असते. मे महिन्यात पाऊस लागला की तिचा चिखल होतो, तो चाकाला धरतो आणि ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही. रस्ता म्हणून नकाशात जी रेघ असते ती तेवढे महिने नसतेच. तेव्हा आम्हाला जे काही करायचं होतं ते एप्रिलच्या अखेरीआधी.

आमच्यात बिहारचा एक नाईक होता. त्यानं त्या भेगा पाहिल्या आणि विचारलं, "साब, इधर काला आजार होता है क्या?" त्याच्या घरातलं माणूस त्या रोगानं गेलं होतं. त्याचा अंदाज खरा होता. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी तिकडं याच काळ्या मातीच्या भेगांत आणि बाभळीच्या जातीच्या झाडोऱ्यात राहते. म्हणजे जी भेग भिंत फोडणार होती तीच माणसाच्या अंगात ताप आणि पाणथरी घालत होती. पुढं नकाशा बदलला त्यात या गोष्टीचा मोठा हात आहे.

पाया कसा घ्यायचा यावर आमच्यात फारसा वाद नव्हता. काळ्या मातीसाठी रुरकीच्या संशोधन संस्थेनं बसवलेली खाली फुगीर तळाच्या खांबांची पद्धत आपल्याकडं चालते, पण तिथं तेवढी साधनं नव्हती. आम्ही सोपा मार्ग धरला. तीन फूट काळी उकरून काढायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून रोलरनं दाबायचा, वर काँक्रीटची पट्टी, अडीच फुटांचं जोतं आणि इमारतीभोवती चार फूट रुंद फरसबंदी, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. काळी फुगते ती पाण्यानं, म्हणून ओल कमी-जास्त होऊ दिली नाही की अर्धं काम होतं.

अडचण मुरमाची होती. जवळपास कुठं मुरूमच नव्हता, टिप्परच्या लांब खेपा घालाव्या लागत. तिथं मला एक सुख मिळालं तेवढं सांगतो. पूर्व आफ्रिकेतले अभियंते आणि ड्रायव्हर मुरमाला 'मरम' म्हणतात. आपल्या पश्चिम भारतातलाच हा शब्द, कधीतरी समुद्र ओलांडून गेलेला. परक्या मुलुखात टिप्परवाला "मरम, मरम" म्हणून हाक मारतोय, हे ऐकून ऊर भरून यायचा.

झाडाखालची बैठक

पहिली बैठक एका मोठ्या झाडाखाली झाली. गावचे मुखिया, आरोग्य खात्याचे एक अधिकारी, पैसे सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचे दोघे, आमचे मेजरसाहेब आणि मी. मागं बायका बसल्या होत्या, त्यांत एक सुईण होती. वय पन्नाशीच्या पुढं, गळ्यात दोऱ्यात ओवलेली एक छोटी शिट्टी. बोलणं असं चालायचं की मेजरसाहेब इंग्रजीत बोलत, दुभाषा त्याचं अरबीत करी आणि एक मुलगा अरबीचं त्यांच्या बोलीत. उत्तर त्याच वाटेनं परत येई. एका वाक्याला पाच-पाच मिनिटं. आम्ही आमचा नकाशा जमिनीवर पसरला. दोन खोल्या, एक कोठी, एक दार, सिमेंटचा ओटा.

मुखियांनी जमीन दाखवली ती जुन्या रस्त्याकडेची. सपाट, मोकळी, गाड्या लावायला सोयीची. आम्हाला आवडली. तेवढ्यात सुईण उठली आणि त्या जागेतल्या एका झाडापाशी जाऊन तिनं खोडाला हात लावला. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर चिखलाचा फिकट पट्टा होता. पुराची खूण. सांगली-मिरजेकडच्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. तिथं २००५ आणि २०१९ चं पाणी कुठवर चढलं ते घराच्या भिंती अजून सांगतात. कृष्णाकाठी जन्म काढून मला त्या झाडावरचा पट्टा दिसला नव्हता, कारण मी जमिनीकडं गाड्यांच्या हिशेबानं बघत होतो.

जागा बदलली. दीडशे पावलं वर, थोड्या उंचवट्यावर. तिथं मुरूम कमी लागला, एवढा फायदा आम्हालाच झाला.

मग सुईणीनं तीन गोष्टी विचारल्या. पहिली, बाळंतिणीनं याच दारातून यायचं का, जिथं पुरुष रांगेत बसणार? दुसरी, वार कुठं पुरायची? तिसरी, आजाऱ्यासोबत आलेली माणसं कुठं राहणार आणि कुठं रांधणार?

आमच्या नकाशात तिन्हींची उत्तरं नव्हती. वारेसाठी झाकणाचा पक्का खड्डा आणि सुयांसाठी वेगळा खड्डा दवाखान्याला लागतोच, हे कुठल्याही नर्सला ठाऊक असतं. आम्हाला नव्हतं. आम्ही बराकी बांधणारी माणसं. आणि तिसऱ्या प्रश्नाचं मोल, दवाखाना चालवायला येणाऱ्या वैद्यकीय संस्थेच्या डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं. काळ्या आजाराच्या रोग्याला तेव्हा तिकडं सलग १७ दिवस इंजेक्शनं द्यावी लागत. माणूस चार-पाच तास चालत येणार, सोबत आई किंवा बायको, काखेत लेकरू. १७ दिवस ती कुठं झोपणार? सावली आणि चूल नसली तर चौथ्या दिवशी उपचार सोडून निघून जाणार, आणि उपचार अर्धवट सोडले तर हा रोग जीव घेऊ शकतो.

तेव्हा ओट्याची पडवी झाली. दोन्ही बाजूंनी, आठ फूट रुंद, वर पत्रा. बाळंतिणीसाठी मागच्या बाजूनं वेगळं दार. थोडं लांब गवती छपराची स्वयंपाकाची जागा, ती गावानं स्वतः बांधली. या बदलांसाठी पैसा कुठून आणायचा म्हणून आतल्या छताच्या महागड्या साहित्याचा भाग काढून टाकला आणि भिंतींना वरच्या बाजूला जाळीच्या मोठ्या झरोक्यांची ओळ सोडली. वारा आरपार गेला. चाळीस अंशांच्या वर उकाड्यात ती खोली बसण्याजोगी राहिली ती त्या झरोक्यांमुळं.

कुणाच्या हातून

आमचे जवान लागले असते तर सगळं पाच-सहा आठवड्यांत उभं राहिलं असतं. माझं मत तेच होतं. दिवस थोडे आहेत, आपण उरकू, गावकऱ्यांनी माती-पाणी करावं. मेजरसाहेबांनी विचारलं, "सुभेदारसाब, अगले साल पत्रा उड़ेगा तो कौन चढ़ेगा?" आम्ही वर्षभराचे पाहुणे. पत्र्यावर चढणारा माणूस तिथलाच हवा.

शेवटी पाया यंत्रांनी आम्ही केला आणि जोत्यावरचं काम गावानं. खार्तूमकडं युद्धाच्या काळात विस्थापित होऊन गेलेले आणि तिथं बांधकामावर राबून आलेले दोन गवंडी गावात निघाले. त्यांचा हात चांगला होता, ओळंबा आमच्यापेक्षा चोख धरत. त्यांच्या हाताखाली गावातली सहा पोरं लावली. आमचा एक हवालदार त्यांना पत्रे कसे मारायचे, खिळ्याखाली वायसर का घालायचं, काँक्रीटला ओली पोती घालून किती दिवस पाणी मारायचं हे दाखवी. पहिल्या आठवड्यात मला वेळ फुकट जातोय असं वाटायचं. मार्चमध्ये एका वावटळीनं दोन पत्रे उचकटले, ते त्या पोरांनी आम्हाला न विचारता परत बसवले, तेव्हा मेजरसाहेबांचं म्हणणं मला पटलं.

पाण्यासाठी हातपंप. पेटी उघडली आणि त्यावर 'इंडिया मार्क टू' बघून सगळे जवान गोळा झाले. हा पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तयार झाला, आणि त्याचं मूळ जालना-सोलापूरकडं मिशनऱ्यांनी दुष्काळी गावांसाठी बनवलेल्या पंपांत आहे. आपल्या दुष्काळानं घडवलेली ही वस्तू आज आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत पाणी देते. माण-खटावच्या पोरांना तो दांडा कसा दाबायचा हे शिकवावं लागत नाही. पण बिघडला तर नळ्या वर ओढून काढायला तिवई, पाने आणि तीन-चार माणसं लागतात. म्हणून दोन बायका आणि दोन पुरुष यांना तो पूर्ण उघडून जोडायला शिकवलं आणि वायसर-बकेटांचे जादा संच कोठीत ठेवले. बायका हव्यात हा आग्रह सुईणीचा. तिचं म्हणणं, पंप बंद पडल्याचं पहिल्यांदा कळतं ते बाईला. लसींच्या फ्रीजचं थोडक्यात सांगतो. वैद्यकीय संस्थेनं बॅटरीविना, थेट उन्हावर चालणारा, आत बर्फ साठवून रात्र काढणारा फ्रीज आणला. बॅटऱ्या तिकडं चोरीला जातात किंवा दोन-चार वर्षांत मरतात, त्यामुळं हा निर्णय योग्य होता.

त्याच संस्थेनं एक अट घातली ती आम्हाला लागली. दवाखाना आम्ही चालवू, पण कुंपणाच्या आत गणवेश नको, हत्यार नको आणि लष्कराच्या नावाची पाटी नको. आमची पाटी रंगवून तयार होती. साताऱ्याच्या माणसाला दगडावरच्या नावाचं मोल माहीत असतं. आमच्या शेजारच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांची आठवण कोरून ठेवली आहे आणि आम्ही लहानपणापासून तिथं माथा टेकत आलो. आम्ही काम केलं, तर आमचं नाव का नको?

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की उद्या दुसऱ्या बाजूचा जखमी इथं आला आणि त्यानं पाटीवर सैन्याचं नाव वाचलं, तर तो आत येणार नाही, किंवा आत येऊन पेटवून देईल. आपत्तीत परक्या लष्कराची मदत शेवटचा उपाय म्हणून घ्यावी, असं १९९४ साली ऑस्लोत ठरलेली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. दक्षिण सुदानात आमची सैनिक म्हणून ओळख आम्हालाही महाग पडत होती. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ रस्त्यावर दबा धरून बसलेल्यांनी आमच्या पाच भारतीय सैनिकांना मारलं. शांतिसेनेची निळी टोपी सगळ्यांना सारखी दिसत नाही. मेजरसाहेबांनी पाटी गोणपाटात गुंडाळून परत ट्रकमध्ये टाकली. भिंतीवर गावातल्या शाळामास्तरांनी त्यांच्या बोलीत 'औषधाचं घर' एवढंच लिहिलं.

तीन आठवडे

एप्रिलच्या अखेरीस हस्तांतरण झालं. नाच झाला, बैल कापला, भाषणं झाली. औषधांची पहिली खोकी संस्थेनं त्याच दिवशी आत ठेवली, त्यांचे कर्मचारी आठवड्यानं येणार होते. कागदावर लिहिल्याप्रमाणं इमारत आरोग्य खात्याच्या ताब्यात गेली आणि चावी त्या अधिकाऱ्यांच्या हातात. ते तालुक्याच्या ठिकाणी राहत. कुलूप, कडी आणि लोखंडी दार माझ्या देखरेखीखाली बसवलेलं. चोरीची भीती होती म्हणून कडी जाड पट्टीची, चारही बाजूंनी वेल्ड करून घेतली होती. तिच्याबद्दल मला अभिमान होता.

त्या रात्रीच पाऊस लागला. दोन दिवसांत रस्ता गेला. अधिकारी तिकडं, चावी तिकडं. संस्थेचे कर्मचारीही अडकले. गावात सुईण होती, आरोग्यसेवकाचं शिक्षण घेतलेला एक तरुण होता, आत औषधं होती आणि मध्ये माझं दार.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री, गुरांच्या तळाकडून एका बाईला आणलं. कळा सुरू होऊन दिवस उलटला होता. पाऊस कोसळत होता. सुईणीनं तिला पडवीत घेतलं, आडोसा धरला आणि तिथं ती बाळंत झाली. मूल जगलं. नंतर रक्त थांबेना. रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या आतल्या खोक्यात होत्या, भिंतीपलीकडं दहा-बारा फुटांवर. त्यांनी दार फोडायचा प्रयत्न केला. पहाटे ती बाई गेली.

पावसानं जरा उघडीप दिल्यावर आम्ही ट्रॅक्टरनं पोचलो. मला कुणी काही बोललं नाही. सुईणीनं फक्त कडी दाखवली. तिच्यावर दगडानं मारल्याचे ओरखडे होते, एकावर एक, पट्टी जराशी वाकलेली. मी ती वेल्डिंगची रेघ बोटानं चाचपली. इतकं पक्कं काम मी कमी वेळा केलं असेल.

त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. कागदानं चावी त्यांच्याकडं दिली होती. तो कागद तयार करताना मी हजर होतो. मुरमाचे थर किती, सिमेंटची पोती किती, पत्र्याची जाडी किती, हे सगळं त्यात होतं. दार रोज कोण उघडेल, रात्री कोण उघडेल, रस्ता बंद झाला तर कोण उघडेल, याचा रकाना नव्हता. चार महिने आम्ही सगळ्यांना विचारून काम केलं, जागा बदलली, नकाशा बदलला, आणि शेवटच्या दिवशी कुणालाच न विचारता गेलो.

त्याच दिवशी तीन चाव्या केल्या. एक सुईणीकडं, एक त्या तरुण आरोग्यसेवकाकडं, एक बायकांच्या मंडळाच्या प्रमुखबाईंकडं. तिघांची नावं आणि अंगठे नोंदवहीत, आणि कुणी गाव सोडून गेलं तर चावी कुणाकडं जाईल हेही. वेल्डिंग कापून साधी कडी बसवली. मागच्या पडवीत भिंतीत एक छोटं कपाट काढलं. बाळंतपणाचं सामान, गोळ्या, हातमोजे, ब्लेड, विजेरी. त्याला कुलूप नाही, नुसती खिटी. चोरी होईल, असं आमच्यातलेच काहीजण म्हणाले. मुखिया म्हणाले, झाली तर गाव भरून देईल. आम्ही परत येईपर्यंतच्या महिन्यांत त्या कपाटातली एक विजेरी तेवढी गेली.

सुईणीनं आपल्या वाट्याची चावी शिट्टीच्या दोऱ्यात ओवली.

१५ डिसेंबर २०१३ ला दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, लढाई पेटली आणि काही आठवड्यांत ती वर उत्तरेकडं पसरली. आमची तुकडी त्याआधी मायदेशी आली होती. आमच्या दुभाष्याशी माझा संपर्क राहिला. तो पुढं इथिओपियात गांबेलाच्या निर्वासित छावणीत पोचला. त्यानं कळवलं की गाव रिकामं झालं, पत्रे गेले, फ्रीज गेला. त्यानं एक फोटोही पाठवला. छावणीतल्या ताडपत्रीच्या बाळंतपणाच्या खोलीसमोर सुईण बसली आहे, मांडीवर आमच्या दवाखान्याची नोंदवही, आणि गळ्यात तो दोरा. पंप शिकलेल्या दोघींपैकी एक त्याच छावणीत पंपावर काम करत होती, असंही त्यानं लिहिलं.

आमचं उपकेंद्र

हे सगळं मी जूनच्या पहिल्या आठवड्यात माजी सैनिकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. पारावर पंधरा-वीस माणसं होती, आशाताई आणि नर्सबाईही मुद्दाम बोलावल्या होत्या. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आशाताई म्हणाल्या, "नाना, एक इचारू का? वढ्याकडंची जागा कुणी ठरवली?"

ती जागा एका बागायतदारानं दान दिलेली. गावापासून दीड किलोमीटर, ओढ्याच्या काठाला, निव्वळ काळी. दान मिळालेल्या जागेला नाही म्हणायचं कसं, म्हणून कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. आपल्याकडं किती उपकेंद्रं अशी गावाबाहेर, दान मिळालेल्या पडीक तुकड्यावर उभी आहेत आणि संध्याकाळनंतर तिथं बाईमाणूस जायला धजत नाही, हे आपण सगळेच बघतो. आशाताई पुढं म्हणाल्या, "रातच्याला बाळंतीण न्यायची म्हंजी वढ्यातनं न्यायची. पावसात वढा वाहतोय. मी तर न्हाय जायची."

नर्सबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "इमारतीत माझी राहायची खोली धरलीय, पण तिला न्हाणीघर पडवीतनं आहे. रात्री मी एकटी असते. मला राहता येईल अशी खोली द्या, मग चावीचा प्रश्नच येत नाही." पुतण्यानं ते लिहून घेतलं. त्यांची बदली दिवाळीनंतर होणार आहे, तरी खोली पुढच्या बाईसाठी तशीच व्हावी, असा त्यांचा आग्रह.

दुसऱ्या दिवशी सरपंच, बागायतदार अण्णा आणि मी अण्णांच्या घरी बसलो. मी त्यांना झाडावरच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. अण्णा जाणते, पण त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. दिलेलं दान परत घ्यायचं म्हणजे चारचौघांत कमीपणा. मी म्हणालो, "अण्णा, जागा परत घेऊ नका, बदलून द्या. मराठी शाळेच्या मागं माळाला तुमचा पाच गुंठ्यांचा तुकडा आहे." ते म्हणाले, "तो पोरानं गोठ्यासाठी धरलाय." मग दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांचा मुलगाच दारात आला. गोठा ओढ्याकडं करतो म्हणाला, तिथं पाणीही जवळ आहे.

मंजुरीच्या कागदात गट नंबर बदलायला वेळ लागणार आहे, त्याचा पाठपुरावा पुतण्या करतोय. अंदाजपत्रकात पडवी वाढवली आहे आणि मागचं दार घातलं आहे. बाहेरच्या कपाटाला वरिष्ठांनी शेरा मारला, नियमात बसत नाही म्हणून. त्यावर ग्रामसभेचा ठराव जोडून परत पाठवायचं ठरलंय. चाव्यांच्या रकान्यात आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांची नावं आली आहेत. तिसरं नाव बचत गटाच्या बायका १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सांगणार आहेत.

रविवारी माळावर चाचणीचा खड्डा घेतला. आम्ही चौघे माजी सैनिक आणि अण्णांचा मुलगा. कुदळ दीड फूट काळीतून गेली, मग आवाज बदलला. खाली पिवळा मुरूम लागला, चांगला घट्ट.